अटकाव्या

तायडे सरांच्या हाताला शेंडा लागला की गेलाच! माझ्या कंपाउंडवरच्या कुंडीतली मिरची त्यांनी येता-जाता इतकी खुडली, की बिचारी वर जायचंच विसरली. मी ओरडले, तर म्हणतात, "रागावता काहून वहिनी? शेंडा खुडला का बाजूचे डोळे फुटतेत. मिरच्या लागतीन भरून!"

सर आमचे शेजारी. अकोल्यातच झाडांचं शास्त्र शिकवून रिटायर झालेले. एका जागी टिकतील तर शपथ! चहा उभ्यानं, पेपर चालत, आणि तोंडात एकच विषय: झाडाच्या वाढीला आवर घालणारं एक प्रथिन. त्याचं खरं नाव आम्हाला झेपेना, म्हणून सरांनीच बारसं केलं, अटकाव्या.

"लोक म्हंतेत, ऑक्झिन नावाचं हार्मोन झाड वाढवते. काय वाढवते कद्दू! वाढीचे जीन तयारच रायतेत, त्याइच्यावर अटकाव्या बसून रायते. ऑक्झिन आलं का पेशी त्या अटकाव्यालेच मोडून टाकते. झालं, झाड सुटलं!"

मग गल्लीत आडवी गाडी लावणारा अटकाव्या, रेल्वेचं बंद फाटक अटकाव्या, माझी सासूसुद्धा अटकाव्या.

अशात त्यांच्या लेकीला, मेघाला, बेंगळुरूला नोकरी लागली. सरांची रोज नवी कुरकुर. तिथलं पाणी जड, तिथं ज्वारीची भाकर भेटत नाही. बायको गेल्यापासून घरात दोघंच, हे खरं कारण मात्र ओठांवर येईना. होकार कळवायची मुदत उद्यावर आली तेव्हा पोरगी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. माझं डोकंच फिरलं. सर अंगणात फेऱ्या मारत होते. तशीच गेले आणि म्हटलं, "सर, या घरातला अटकाव्या कोण हाय?"

सर थबकले. पायरीवर चक्क बसले.

"धरून ठेवणं त्याचं कामच हाय, वहिनी," ते म्हणाले. "पण वेळ आली का त्यानं मोडावं लागते."

मेघाला स्टेशनवर सोडून सर परतले, तेव्हा सवयीनं हात मिरचीकडे गेला. शेंडा चिमटीत धरला आणि सोडून दिला.

"जाऊ द्या तिले वर," म्हणाले. मग फाटकाशीच घुटमळले. "वहिनी, चहा मांडता का? आज बसून पितो. घरी जावंसं नाही वाटून राह्यलं."