ऊन खाणारं घड्याळ

सिस्टरच्या मनगटावरचं घड्याळ चोवीस वर्षं सेल न बदलता चाललं होतं. निदान सिस्टर तसं सांगत. घड्याळ नवऱ्याने दिलेलं आणि नवरा घड्याळजी, तेव्हा शंका कोण घेणार? देतानाच ते म्हणाले होते, "याला सेलबिल लागत नाही. हे ऊन खातं." चार महिन्यांपूर्वी घड्याळजी गेले. आणि या रविवारी सकाळी सव्वासातला घड्याळ थांबलं.

लेकीला कारण ठाऊक होतं. दर दोन वर्षांनी, आई अंघोळीला गेली की बाबा डोळ्याला भिंग लावून बसत, हे तिने पाहिलं होतं. एकदा तिने तोंड उघडलं, तेव्हा बाबांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. ते बोट आता नव्हतं, पण तोंड काही उघडेना. ती एवढंच म्हणाली, की दुकानात दाखवून आणू या का.

"दाखवायचं काय त्यात? भूक लागली असेल त्याला," असं म्हणून आईने घड्याळ खिडकीत उन्हात ठेवलं.

नवल म्हणजे अकराच्या सुमारास ते चालू झालं. मरायला टेकलेला सेलही ऊब मिळाली की चार पावलं टाकतो, हे लेकीने नंतर कुठेतरी वाचलं. त्या क्षणी मात्र बाबांचंच खरं होतं की काय, असं तिला वाटून गेलं. घड्याळ दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत ऊन खात फिरलं आणि सोमवारी सिस्टरबरोबर कामावर गेलं.

दवाखान्यात पहिल्या पेशंटची नाडी भरली एकशे दहा. दुसऱ्याची एकशे चौदा. तिसरी बाई नुसतं कानात मळ झाला म्हणून आली होती, तिची एकशे आठ. डॉक्टरीणबाई नव्या आणि तरुण होत्या. साथ वगैरे आली की काय, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. मग काहीतरी सुचून त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. सिस्टरनी मिनिटभर मोजलं आणि जड मनाने एकशे बारा सांगितले. ते ऐकून नाडी खरोखरच वाढली असावी, कारण डॉक्टरीणबाई तपासणीच्या टेबलावर आडव्या झाल्या. बाहेर बाकावर बातमी पोचली, की डॉक्टरच आजारी आहेत. दोघं जण उठून घरी गेले.

अरिष्ट टळलं ते खेळाच्या मास्तरांमुळे. त्यांची नाडी ऐंशी निघाली.

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "माझी पंचावन्नच्या वर जात नाही. मी पळतो सिस्टर, ती नाही पळत."

त्यांनी आपलं घड्याळ सिस्टरच्या घड्याळाशेजारी धरलं. सिस्टरचा सेकंदकाटा मिनिटाची फेरी पूर्ण करायला जवळजवळ दीड मिनिट घेत होता. डॉक्टरीणबाई टेबलावरून उतरल्या. रागावल्या नाहीत, पण उद्या नीट घड्याळ नसेल तर नाडी बोटाला लावायच्या चिमट्यावर मोजू आणि सिस्टरनी नोंदवही सांभाळावी, असं त्यांनी सांगितलं. तीस वर्षं माणसांची मनगटं धरलेल्या बाईला हे पुरेसं होतं.

संध्याकाळी मायलेकी घड्याळांच्या दुकानात गेल्या. रोज वापरायला घड्याळ हवं, सेकंदकाटा ठसठशीत हवा आणि ते ऊन खाणारंच हवं, अशा सिस्टरच्या अटी होत्या. दुकानदार खूश झाला. त्याने सात डबे मांडले आणि प्रत्येकाची तबकडी आतून उजेड कसा पिते ते समजावलं.

सिस्टरनी पेशंटची माहिती घ्यावी तशी चौकशी सुरू केली. ट्यूबलाइटचा उजेड चालतो का? चालतो, पण पोट भरायला वेळ लागतो. बाहीखाली राहिलं तर? हळूहळू अशक्त होतं. अशक्त झालं हे कळतं कसं?

"सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो, ताई."

"म्हणजे आधी सांगतं. हे बरं आहे. माणसं सांगत नाहीत." सिस्टरनी घड्याळ कानाला लावलं. "आणि पूर्ण अंधारात?"

"सहा महिने जगतं."

"उपाशी सहा महिने," सिस्टर लेकीला म्हणाल्या. त्यांना मनापासून कौतुक वाटलेलं दिसलं. तरी एकाची तबकडी बशीएवढी निघाली, एकाला आकडेच नव्हते, आणि सातवं सगळ्या बाबतींत चांगलं असूनही त्यांनी ते तीनदा घातलं आणि तीनदा काढलं. आपलं जुनं चोवीस वर्षं उन्हावर चाललं, हे तेवढ्यात त्यांनी दोनदा सांगितलं.

कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराला राहवेना. चोवीस वर्षांपूर्वीचं, या कंपनीचं, आणि सोलर? त्याने बघायला मागितलं. लेक नको म्हणेपर्यंत आईने ते काढून दिलंही होतं. लेक धावत त्याच्या टेबलाशी गेली.

त्याने मागचं झाकण उघडलं आणि भिंगातून पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कारागीर कोरतात तशा, धाग्याएवढ्या अक्षरांत तारखा होत्या. एकाखाली एक, अकरा. आणि सगळ्यांत खाली एक ओळ. त्याने भिंग लेकीच्या हातात दिलं. अक्षर बाबांचं होतं.

"हिला सांगू नये."

लेकीने भिंग परत केलं. कारागिराने गिऱ्हाइकाकडे पाठ केली, ड्रॉवरमधून काहीतरी काढलं, सुईच्या टोकाने झाकणात काहीतरी कोरलं आणि झाकण दाबून बसवलं. मग काउंटरपाशी येऊन घसा खाकरला.

"सोलरच आहे हे, बाई. ऊन कमी पडलं होतं. आता नवं घ्यायची गरज नाही."

तासभर खपून सात डबे मांडलेल्या दुकानदाराने त्याच्याकडे असं पाहिलं, की कारागीर नजर चुकवून छताचा पंखा बघू लागला.

सिस्टरनी घड्याळ मनगटावर चढवलं. उद्या नाडी मोजायची, तेव्हा खात्री करायला हवी, असं म्हणून त्यांनी कारागिराचाच हात धरला. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर एक डोळा ठेवून त्या मिनिटभर मोजत राहिल्या.

"अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या.

"अजून मागे पडत असेल," कारागीर पुटपुटला.

"घड्याळ अगदी बरोबर आहे. तुम्हाला सवय नाही." त्यांनी त्याचा हात हलकेच काउंटरवर ठेवला. "दोन वर्षांनी परत आणते. तेव्हाही असंच सांगा."