अकरा तिकिटांचा गुन्हा

"त्याचं एखादं पत्र? पोस्टकार्ड? निदान पत्ता घातलेलं रिकामं पाकीट?" टपाल खात्याचे इन्स्पेक्टर डोम्ब्रोव्स्की मिनियापोलिसहून फोनवर विचारत होते.

"काहीच नाही," व्हर्ना टॉलेफसनने कबूल केलं. "तो सगळं तोंडानंच बोलतो. आणि फार गोड बोलतो."

"मग बाई, माझे हात बांधलेत. फसवणुकीसाठी टपाल वापरलं, की गुन्हा माझा. एकेका पत्रामागे पाच-पाच वर्षं आत घालीन. पण तिकीटच चाटलं नाही, तर मी काय चाटू?"

व्हर्नाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मटकन बसली. विकडाल गावच्या पोस्टाच्या खिडकीमागे तिने एकतीस वर्षं काढली होती. 'टपालातून फसवणूक हा गुन्हा आहे' हा फलक तिने स्वतःच्या हाताने तीन वेळा नवा लावला होता. भोळ्या शेतकऱ्यांच्या हातून लॉटरीची पत्रं काढून घेऊन तिने त्यांना चार शब्द सुनावले होते. आणि आता निवृत्त झाल्यावर, क्लेटन पर्सेल नावाच्या एका टाय लावलेल्या माणसाला चर्चच्या नव्या घंटेसाठी तीन हजार डॉलर रोख द्यावेत, असं समितीत छातीठोकपणे सांगणारी बाई तीच होती.

चर्चने नऊ वर्षं माशांच्या जेवणावळी घालून, तिकिटं विकून जमवलेले ते पैसे. पर्सेल ज्याचं नाव सांगत होता, त्या ओहायोतल्या घंटा ओतणाऱ्या कारखान्याला व्हर्नाने फोन केला, तेव्हा त्यांनी ना पर्सेलचं नाव ऐकलं होतं, ना विकडालचं. शेरीफकडे जावं, तर तो म्हणाला, "त्याने दिलेल्या कागदावर 'घंटा यथावकाश मिळेल' असं लिहिलंय. यथावकाश म्हणजे कधी, ते वकील लावून ठरवा." पर्सेल मात्र पळाला नव्हता. ईस्टरला मिळायचे उरलेले दोन हजार त्याला हवे होते, म्हणून तो हमरस्त्यावरच्या मोटेलात ठाण मांडून शेजारच्या गावातल्या चर्चलाही हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता. फोन नाही, पत्र नाही. प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटायचं, दोन्ही हातांत हात घ्यायचा. गडी कायदा वाचून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी व्हर्नाने पुन्हा फोन लावला. "समजा, पैसे घेऊन झाल्यावर त्याने नुसतं 'काळजी करू नका' असं लिहून धाडलं, तर?"

"लोकांना गाफील ठेवायला धाडलेलं पत्रसुद्धा चालतं," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण लिहील कशाला तो?"

"ते माझ्यावर सोडा," व्हर्ना म्हणाली.

तिने ओव्हनमध्ये मोठं भांडंभर बटाट्याचं हॉटडिश भाजलं आणि मोटेलात नेऊन दिलं. विकडालमध्ये कुणी घरी खाणं आणून दिलं, की चार दिवसांत आभाराची चिठ्ठी गेलीच पाहिजे. आईच्या अंत्यविधीला आलेल्या हॅमबद्दलसुद्धा लोक लिहितात. तिसऱ्या दिवशी व्हर्नाच्या फाटकावरच्या टपालपेटीत चिठ्ठी सापडली: 'तुमचं हॉटडिश स्वर्गीय. घंटेचं काम जोरात चालू.' व्हर्ना आनंदाने नाचायचीच बाकी होती.

"तिकीट कुठलंय?" इन्स्पेक्टरांनी फोनवर विचारलं.

व्हर्नाने पाकीट उलटसुलट केलं. तिकीट नव्हतं. मेल्याने स्वतः गाडीने येऊन चिठ्ठी पेटीत टाकली होती.

"बिनतिकिटाचं पेटीत टाकल्याचा किरकोळ दंड होईल," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी त्यासाठी बर्फातून दोनशे मैल येत नाही."

व्हर्ना दोन तास भिंतीकडे बघत बसली. मग तिच्या ध्यानात आलं की चूक तिच्या पत्त्याची आहे. ती गावात राहत होती, मोटेलपासून अर्ध्या मैलावर. चर्चच्या महिला मंडळातल्या बाकीच्या अकरा जणी राहत होत्या लांबलांबच्या शेतांवर, कच्च्या रस्त्यांच्या टोकाला, आणि महिना होता जानेवारीचा, शून्याखाली तीसचा.

"त्या चोराला मी जेवू घालू?" आर्डिस हॉगेन कडाडली. "माझ्या हातचं?"

"तुझ्या हातचंच, आर्डिस. ट्यूनाचं कर."

"म्हणजे शिक्षा आजपासूनच चालू," दुसरी एक बाई पुटपुटली.

आठवड्याभरात मोटेलात अकरा भांडी पोचली. मोटेलवाल्याने बर्फाच्या पेट्या बाहेर काढून फ्रीजमध्ये जागा केली. रविवारी चर्चच्या कॉफीच्या वेळी व्हर्ना पर्सेलजवळ जाऊन हळूच म्हणाली, "बायकांना तुमच्या चिठ्ठ्या अजून मिळाल्या नाहीत वाटतं. नाही, नाही, कुणी वाईट बोलत नाहीये! एवढंच म्हणतात, मिस्टर पर्सेल जरा वेगळे आहेत."

विकडालमध्ये 'वेगळा' म्हटलेल्या माणसाला त्यानंतर कुणी म्हातारी गायसुद्धा विकत नाही. त्याला दोन हजार डॉलर ईस्टरआधीच पाय लावून पळताना दिसले.

सोमवारी त्याने चिठ्ठ्या लिहिल्या आणि वाटायला स्वतः निघाला. पहिलंच शेत आर्डिसचं. तिच्या फाटकाच्या शंभर यार्ड अलीकडे गाडी घसरून खड्ड्यात गेली. आर्डिसच्या नवऱ्याने ट्रॅक्टरने ती ओढून काढली, पर्सेलला घरात नेलं, कॉफी पाजली. आणि आर्डिसने त्याच्या मांडीवर आणखी एक ऊनऊन हॉटडिश ठेवलं.

"अहो, मी तर आधीच्याचेच आभार मानायला..."

"त्याचे मानाल हो सावकाश. हे गार होतंय."

चिठ्ठी खिशातच राहिली. ती आता जुनी झाली होती, नव्या भांड्याचा तीत उल्लेखच नव्हता. एका घरी गेलं की एक भांडं वाढतं, तर अकरा घरी काय होईल, हा हिशेब पर्सेलने गोठलेल्या बोटांवर केला आणि गाडी वळवली.

मंगळवारी दुपारी नव्या पोस्टमास्तरीणबाई कारी ल्युंडचा फोन आला. "व्हर्ना, मला कुणाचं नाव घ्यायची परवानगी नाही."

"घेऊ नकोस."

"नाही घेत. पण अकरा तिकिटं एकदम गेली. चाटताना तोंड असं केलं होतं, जणू एरंडेल प्यायलाय."

गुरुवारी अकरा जणी अकरा पाकिटं नाचवत व्हर्नाच्या स्वयंपाकघरात घुसल्या. तिकीट चिकटवलेलं, शिक्का मारलेला, आणि आत प्रत्येकीला नव्याने आश्वासन: ओहायोत घंटा ओतून झाली, ईस्टरला नक्की वाजणार, दुसरा हप्ता तेवढा तयार ठेवावा!

"पत्रं किती?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"अकरा."

"बाई," ते म्हणाले, "प्रत्येक पत्र वेगळा गुन्हा असतो."

"ठाऊक आहे," व्हर्ना म्हणाली. "एकतीस वर्षं तो फलक माझ्या डोक्यावर होता."

या वेळी इन्स्पेक्टर बर्फातून दोनशे मैल आले. पर्सेल मोटेलात आर्डिसचं शिळं ट्यूना खात होता. बेड्या पाहिल्यावर त्याने चमचा खाली ठेवला आणि, म्हणे, सुटल्यासारखा उसासा टाकला.

सेंट पॉलच्या कोर्टात अकरा जणी एकामागून एक साक्षीला उभ्या राहिल्या. त्यानंतर चर्चमध्ये त्यांचा तोरा आवरेना. "मी गुन्हा क्रमांक चार," असं आर्डिस परक्या माणसालाही सांगे. व्हर्नाचं नाव मात्र आरोपपत्रात कुठंच नव्हतं, कारण तिची चिठ्ठी बिनतिकिटाची. तिला ते लागलं. खरं सांगायचं तर फार लागलं. पर्सेलला सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या गाडीच्या डिकीतून पैसे परत आले, ओहायोहून खरी घंटा आली, आणि तरीही शेवटच्या बाकावर बसलेल्या व्हर्नाला वाटत होतं की गावाच्या लेखी ती अजून फसलेलीच बाई आहे.

घंटा चढवली त्या रविवारी समितीसमोर आर्डिस उभी राहिली. "पहिल्यांदा कुणी वाजवायची, यावर आम्हा अकरा जणींचं एकमत झालंय. व्हर्ना, तू वाजव."

विकडालची रीत अशी, की साधी कॉफीसुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायची. आर्डिसने दुसरा आग्रह तोंडात तयार ठेवला होता, तिसरा पास्टरांकडे होता.

"हो," व्हर्ना म्हणाली आणि उठली.

सगळं चर्च तोंडात बोट घालून बघत राहिलं. व्हर्ना बाकांमधून ताठ मानेने चालत गेली, दोन्ही हातांनी दोर धरला, आणि पास्टर थांबवायला येईपर्यंत तो सोडला नाही.