चौगुले सर आणि म्हशीचं नाव

सर्जरी शिकवणाऱ्या माणसानं म्हशींची चौकशी का करावी? आम्हालाही हा प्रश्न पडायचा, पण चौगुले सरांना विचारणार कोण? ते विभागप्रमुख, आणि आम्ही त्यांच्या हाताखाली सर्जन व्हायला निघालेले रेसिडेंट. सकाळच्या राउंडला पेशंटच्या खाटेशी उभं राहून आम्ही ताप, नाडी, रिपोर्ट घडाघडा म्हणायचो. सर डोळे मिटून ऐकायचे. सगळं संपलं की एकच डोळा उघडायचे.

"बरं. ह्येंच्या म्हशीचं नाव काय?"

आमचे बहुतेक पेशंट खेड्यातले, त्यामुळं दारात म्हैस असायचीच. कुणी कुरकुर केली की सर म्हणायचे, "म्हस नसंल तर न्हाय म्हणून सांग. पर ती न्हाय, ह्ये तुला ठावं पायजे."

आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये 'व्यावसायिक वर्तन' असा एक रकाना होता, दहापैकी गुण. बाकीचे विभागप्रमुख सरसकट आठ देऊन मोकळे व्हायचे. आमचे सर तो म्हशीवर भरायचे. "टाकं काय, पोतं शिवणाराबी घालतोय. पर पोत्याला इचारावं लागत न्हाय, दुखतंय का म्हणून."

माझा नागपूरचा सोबती तर केसपेपरवरच लिहायला लागला : 'मधुमेह नाही. म्हैस आहे. नाव चंद्री, दुसऱ्यांदा गाभण.' सरांनी त्याला नऊ दिले. ऑपरेशनला हात लटलट कापायचा गड्याचा, आणि नऊ! मला सहा. माझं डोकंच फिरलं. हातात कसब होतं माझ्या, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

शेवटच्या वर्षी दत्तूमामा नावाचे एक पेशंट दाखल झाले. अपेंडिक्स फुटलेलं. ऑपरेशन मी केलं आणि झकास केलं. पुढं दोन दिवस सकाळपासूनच थिएटरात सरांची मोठी ऑपरेशनं होती, राउंडही झाले नाहीत; मदतीला उभं राहायची संधी कोण सोडतो? मामांच्या खाटेकडं मी फिरकलोच नाही. केसपेपरवर मात्र दोन्ही दिवस लिहिलं : 'जखम कोरडी. तक्रार नाही.'

तिसऱ्या दिवशी राउंडला सरांचा डोळा उघडला. "म्हशीचं नाव?"

"गौरी, सर." दिलं ठोकून.

सर मामांकडं वळले. "व्हय का मामा?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. माझं तोंड तेव्हा कसं झालं असेल, देव जाणे. "व्हय की सायेब. गौरीच. लई गुणाची. आन् ह्ये डाक्टर रोज बघून जात्यात बरं का, दोन-दोनदा."

सरांनी स्वतः पट्टी काढली. जखम लाल, फुगलेली. एक टाका सोडला तर भळकन पू आला. सरांनीच जखम धुतली. आणखी एक दिवस गेला असता तर मामांचं काही खरं नव्हतं.

मग बाहेर बाकड्यावर बसून सर म्हणाले, "हितल्याच शिवाजी पेठेतला शिंपी हाय त्यो, भर शहरातला. तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांच्या जर्स्या शिवतोय. एका खोलीत सगळा संसार. म्हस काय माळ्यावर बांधतोय व्हय?"

लाजेनं मेल्यासारखं झालं होतं.

"तुझ्यासाठी खोटं का बोलला? माया असंल, न्हायतर तुझं भ्या असंल. दोन्हीत मान तुलाच खाली घालाय लागती."

"सर, त्या रकान्यात शून्य द्या मला."

"शून्य घेतलास की सुटलास तू. आत जा, मामाला खरं काय ते सांग."

शून्य परवडलं असतं. हे कसं सांगायचं? सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"मी रेसिडेंट असताना पन्हाळ्याकडचा एक म्हातारा हुता. म्हस व्यायला झालीया, लवकर सोडा, एवढंच म्हणायचा. मीबी असंच लिवलं, न बघता. माझ्या सरांनी इचारलं तर म्हातारा म्हणाला, डाक्टर आत्ताच बघून गेल्यात. दुसऱ्या दिवशी गेला त्यो."

त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"त्याच्या म्हातारीला खरं सांगावं म्हणून गावी गेलतो. दारात म्हस, बाजूला रेडकू. म्हातारीनं च्या दिला. म्हणाली, डाक्टर, तुमी लई केलंसा. मी तोंड उघडलं, आन् भायेर काय पडलं? म्हशीचं नाव काय? लक्ष्मी, म्हणाली ती. च्या पिऊन आलो माघारी. परत गेलो तवा म्हातारीबी न्हवती."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यांनी वॉर्डाच्या दाराकडं बोट केलं.

"तुझा मामा अजून हाय. जा."