पाव इंच माया

वच्छला सिस्टर आमच्या शेजारी राहायला आल्या त्या दिवशी मी रीतीप्रमाणे त्यांना चहाला बोलावलं. चहा राहिला बाजूला. त्यांनी पिशवीतून काचेसारखी आरपार दिसणारी एक रुंद पट्टी काढली, माझ्या बैठकीतल्या पडद्याला लावली, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, डावीकडून पाऊण इंच वर हाय. झोप कशी लागते तुम्हाला?"

तोवर मला छान झोप लागायची. नंतर मात्र आठवडाभर तो पाऊण इंच डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मी पडदा उसवला आणि नव्यानं शिवला. सिस्टर येऊन परत पट्टी लावून गेल्या. "आता बराबर," म्हणाल्या. मग चहा घेतला.

निलंग्याकडच्या एका खेड्यातली ही बाई. नांदेडला नर्सिंग शिकली, नोकरीतली बहुतेक वर्षं आमच्या अहमदपुरात काढली आणि निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत आली. नाव वच्छला, पण सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. अर्ध्या गावाचे जन्म त्यांच्या हातचे. त्यामुळे भर बाजारात कुणाचाही पाणउतारा करायचा त्यांना परवाना होता. तहसील कचेरीतला एक मिशाळ कारकून एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "सिस्टर, तुमचा कागद दोन-चार दिवसांत बघू." सिस्टर म्हणाल्या, "दोन का चार? मापात बोल. जन्मलास तवा बी असाच, धड रडना अन् धड गप बसना." कागद त्याच दिवशी झाला.

'मापात बोल' हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यानं 'मूठभर कोथिंबीर' म्हटलं की त्या त्याची मूठ बघायच्या. 'जरासं', 'थोडंफार', 'अंदाजे' हे शब्द त्यांना शिव्यांसारखे लागत. "दवाखान्यात अंदाजानं इंजेक्शन दिलं असतं तर तुम्ही आज भाजी विकली असती का?" या प्रश्नावर भाजीवाला दोन काड्या वर टाकायचा. सिस्टर त्या काढून परत द्यायच्या. मापात पाप त्यांना दोन्ही बाजूंनी चालत नव्हतं.

ती आरपार पट्टी त्यांच्या मुलीनं धाडलेली. मुलगी संघमित्रा आयर्लंडात नर्स होती. तिथल्या बायका चौकोनी तुकडे जोडून गोधड्या करतात आणि त्यासाठी अशी खास पट्टी वापरतात, ज्यातून खालचं कापड दिसतं आणि रेघा मोजता येतात. एका दिवाळीला मुलीला येणं जमलं नाही, तेव्हा तिनं पार्सल पाठवलं. त्यात ती पट्टी, खाली अंथरायची हिरवी चटई आणि करंजीच्या कातण्यासारखं फिरणारं पण वस्तऱ्यासारखं धारदार एक पातं. इतरांच्या लेकी अत्तरं पाठवतात. सिस्टरना हत्यारं आली.

झालं. सिस्टरनी कॉलनीतल्या बायकांसाठी गोधडीचा वर्ग काढला. फी काही नाही, फक्त शिस्त. वर्ग त्यांच्या पुढच्या खोलीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी नवऱ्याचा फोटो, दोन्ही एका रेषेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण फोटो अजून केसभर हलला नव्हता.

आता आमच्या मराठवाड्यात गोधडी शिकवायची म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखंच. वर्गात पहिल्या दिवशी सोजरबाई आली. तिनं हयातभर गल्लीला गोधड्या शिवून दिल्या होत्या, त्याही बोलता बोलता, नातवाला मांडीवर घेऊन. तिनं ती पट्टी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "बाई, गोधडी काय मोजून शिवतेत व्हय? आंगावर घ्यायची हाय का भिताडाला लावायची हाय?"

"आधी कड सरळ करायची," सिस्टर चटईवर कापड पसरत म्हणाल्या. "कड वाकडी तर पुढचं सगळं वाकडं. मग त्या कडेवर पट्टीची रेघ बसवायची. बोटं फाकून पट्टी दाबायची, न्हाईतर सरकते. अन् पातं नेहमी आपल्यापासून लांब फिरवायचं, आपल्याकडं न्हाई."

"करंज्याच कराव्या की मग," सोजरबाई म्हणाली.

त्यात ते वर्ष दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. आमच्याकडे टँकर यायचा आणि आला की माणसं सोडून सगळं रांगेत उभं असायचं: घागरी, डबे, बादल्या, एकदा तर कुणाचा तरी प्रेशर कुकर. आणि सिस्टरचा नियम असा, की जुनं लुगडं मऊ असतं, ते पट्टीखाली पळतं, म्हणून त्याला भाताची पेज लावून कडक केल्याशिवाय कापायचं नाही. सगळी कॉलनी पेजेसाठी भात शिजवू लागली. सोजरबाई म्हणायची, "प्यायला पानी न्हाई अन् ह्यांच्या लुगड्याला पेज पायजे!" पण पेज घेऊन तीच सगळ्यात आधी यायची.

वर्गातली पहिली गोधडी महिन्याभरात तयार झाली. चौकोनाला चौकोन, कोपऱ्याला कोपरा, अशी की डोळे निवावेत. सिस्टरनी ती स्वतःच्या पलंगावर अंथरली. गोधडी पलंगाला पुरत नव्हती. चांगली वीतभर कमी.

सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. "बाई, माया सोडायची राह्यली तुमची."

शिवणीत आत जाणारं जास्तीचं कापड म्हणजे माया, हे शिवणाऱ्या कुणालाही ठाऊक. सिस्टरनी प्रत्येक तुकडा अगदी मापात कापला होता, पण जोडताना आत जाणारं कापड धरलंच नव्हतं. बायका हसून हसून लोळल्या. सिस्टर हसल्या नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ठीक हाय. उद्यापास्नं माया सोडायची. पण मोजून सोडायची. पाव इंच. त्याच्यावर एक दोरा न्हाई."

त्या दिवसापासून कॉलनीत त्यांचं नाव 'पाव इंच माया' पडलं. त्यांना ते माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे त्यांनी कधी दाखवलं नाही.

त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याची हवा उठली. लातूर जिल्हा फुटणार, असं लोक बोलू लागले. उदगीरवाल्यांना जिल्ह्याचं ठाणं उदगीरला हवं होतं, आमच्यावाल्यांना अहमदपूरला. पाणी दोन्हीकडे नव्हतं. पण जिल्हा झाला की कलेक्टर येईल, कलेक्टर आला की त्याच्यामागं पाणी येईल, असा हिशोब पानटपरीवर मांडून झाला होता. आमच्या बाजूच्या कृती समितीचे अध्यक्ष होते नाना. नानांचे टँकर चालायचे, त्यामुळे दुष्काळाबद्दल ते फार कळकळीनं बोलत.

एक मंत्री दौऱ्यावर येणार होते. नाना दोन कार्यकर्ते घेऊन सिस्टरच्या वर्गात आले. "शाल-श्रीफळ सगळेच देतेत, सिस्टर. आपण साहेबांना गोधडी देऊ. गोधडीवर नव्या जिल्ह्याचा नकाशा. एक तालुका एक रंग. साहेब पांघरतील अन् आपला जिल्हा त्यांच्या अंगावरच!"

सिस्टरचे डोळे चमकले. तालुक्यांच्या वेड्यावाकड्या कडा कापायच्या म्हणजे त्यांच्या विद्येची कसोटी. त्यांनी नकाशा मागवला, कागदावर चौकोन आखून मोठा केला आणि तालुका तालुका सुटा करून साचे पाडले. नाना रोज येऊन बघायचे.

"शिरूर अनंतपाळ बी घ्या की आपल्यात," नाना एके दिवशी म्हणाले.

"त्यांना विचारलं का?"

"आधी गोधडीत घ्या, मग विचारू."

सिस्टरनी घेतलं. पण खरी खडाजंगी झाली ती अहमदपुरावरून. अख्खा नकाशा चटईवर मांडल्यावर अहमदपूर एका कडेला आलं. नानांचा चेहरा पडला. "ठाण्याचं गाव कडेला कसं दिसंल, सिस्टर? मधी घ्या."

"घेते की. पण मग वरच्या अंगाला नांदेडचं कापड जोडावं लागंल. तेवढा जिल्हा तोडून आणा, मी शिवते."

"मग निदान मोठं तरी करा. चार बोटं."

"कुणाची बोटं?" सिस्टरनी विचारलं. "मापात बोला, नाना. तालुका काय पेजेनं फुगतो का?"

नाना हसत गेले. पुढाऱ्याचं हसणं कधी खरं धरू नये, हे आम्हाला नंतर कळलं.

गोधडी झाली आणि काय देखणी झाली! अहमदपूर अंजिरी, शिरूर अनंतपाळ हळदी रंगाचं, कडेला सोजरबाईच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ. टाके आम्ही सगळ्यांनी घातलेले. सोजरबाईसुद्धा एक टाका दुसऱ्या टाक्याशी ताडून बघायला लागली होती आणि कुणी बघितलं की मान वळवायची. समितीनं दोन दिवस आधी गोधडी 'इस्त्रीला' म्हणून नेली.

कार्यक्रमाला आम्ही सगळ्या नटून गेलो. सिस्टर ठेवणीतलं पांढरंशुभ्र पातळ नेसल्या होत्या. स्टेजवर नानांनी आणि एका कार्यकर्त्यानं गोधडी दोन टोकांना धरून उघडली, आणि माझ्या शेजारी सिस्टरनी श्वास आत घेतला.

गोधडीच्या कोपऱ्यात भलंथोरलं टेंगूळ आलं होतं. नानांनी बाजारातल्या शिंप्याकडून मूळचं अहमदपूर उसवून चांगलं दुप्पट मोठं अहमदपूर बसवून घेतलं होतं. जागा तेवढीच, कापड दुप्पट. ते जाणार कुठं? वर आलं. आजूबाजूचे तालुके आकसून सुरकुतले होते.

मंत्र्यांनी चष्मा सावरला. "वा, वा! आणि हा डोंगर कुठला?"

"त्ये... आपलं अहमदपूर हाय, साहेब."

मांडव हसला. मंत्रीही हसले, नानांच्या पाठीवर थाप मारली, जिल्ह्याच्या प्रश्नावर सरकार सकारात्मक असल्याचं सांगितलं आणि पुढच्या गावाला सकारात्मक राहायला निघून गेले. गोधडी नेली नाही.

मांडव मोकळा झाल्यावर ती आम्हाला स्टेजमागं सापडली. पाहुण्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्या गार राहाव्यात म्हणून कुणीतरी ती भिजवून खोक्यांवर टाकली होती. सिस्टरनी आणि सोजरबाईनं मिळून ती पिळली आणि घरी नेली. नाना वाटेत भेटले. "सिस्टर, जरा ॲडजस्ट करावं लागतं," म्हणाले. सिस्टर त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या. मला ते जास्त लागलं. एरवी त्यांनी 'जरा म्हणजे किती' विचारलंच असतं.

जिल्हा काही झाला नाही. समिती फुटली आणि तिच्या दोन झाल्या, एवढीच काय ती विभागणी. टँकरची वेळ बदलून दुपारची झाली आणि नेमकी ती वर्गाची वेळ होती. एक एक करून बायका यायच्या थांबल्या. सोजरबाई लेकीकडे गंगाखेडला गेली. माझ्याही शाळेतल्या परीक्षेच्या वह्या तपासायला आल्या. सिस्टरच्या दारातून जाताना पडदा सरळ दिसायचा, आत आवाज नसायचा.

शाळेला सुट्टी लागल्यावर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. एका लांब निळ्या कापडाचं टोक त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि दुसरं टोक ताणून धरत एकट्याच माप घेत होत्या.

"काय करताय, सिस्टर?"

"मोजायलेय. ही खिडकी बरी हाय, बडबड करत न्हाई."

मी गाठ सोडली आणि ते टोक हातात धरलं. तेवढ्यात फोन वाजला. संघमित्राचा होता. सिस्टरनी तो चटईवर ठेवून स्पीकरवर लावला. संघमित्राचा मुलगा तिकडेच जन्मलेला. सिस्टरनी त्याला फोनच्या काचेतच पाहिलेलं.

"मित्रा, बरं झालं तूच केलास. पोराची उंची सांग. गोधडी बेतायलेय."

"अगं आई, एवढ्यात मोजलंच नाही गं. लई वाढलाय. तुझ्या कमरेला लागेल बघ."

सिस्टरनी स्वतःच्या कमरेकडे बघितलं. "माझ्या कमरेला," त्या म्हणाल्या.

"हो ना. बरं आई, मी ड्यूटीला निघालेय. रविवारी करते. पाणी येतं ना गं?"

"येतं. जा तू."

फोन बंद झाला. आता मुलीच्या नावानं उद्धार होणार म्हणून मी वाट बघत राहिले. अंदाजानं माप सांगणारं माणूस त्यांच्या तावडीतून सुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी टेप उचलला आणि माझ्या हातात दिला. मग भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि उजवा हात कमरेशेजारी हवेत आडवा धरला. तळवा खाली.

"धरा मॅडम. इथून खाली मोजा."

मी जमिनीवर बसले. टेपचं टोक त्यांच्या तळव्याला लावलं आणि फरशीपर्यंत ताणलं. आकडा सांगितला.

"बराबर लावला का?"

"हो."

"परत बघा."

मी परत लावला. तोच आकडा आला. त्यांनी मान हलवली, पण हात खाली घेतला नाही.

"उभा राहत न्हाई एका जागी," त्या म्हणाल्या. "फोनवर बघितलंय मी. सारखा हलतो."

बाहेर टँकर आल्याचा गलका झाला. घागरी वाजायला लागल्या, कुणीतरी माझ्या नावानं हाका मारल्या. मी टेप धरून तशीच बसून राहिले. वर सिस्टरची बोटं हवेत अगदी हळू फिरत होती, विस्कटलेले केस एका बाजूला घ्यावेत तशी.