मला बी झालतं

बीडच्या दवाखान्यातून मी पळाले तेव्हा अंगात हिरवा गाऊन होता, वरून दवाखान्याचीच चादर आणि हातात सलाईनची सुई तशीच. पित्ताच्या पिशवीत खडे झालेले, ऑपरेशन ठरलेलं, आणि मी केजच्या एसटीत खिडकी धरून बसलेली! पन्नाशीची बाई, दोन सुनांची सासू, गावात नाक वर करून चालणारी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट ऱ्हाऊ द्या. आधी सांगा, सोडलंय का पळालाव?"

मागोमाग धापा टाकत आमचे शेजारी दगडूअप्पा चढले.

अप्पा मेंढरं राखायचे. पण गावात कुणाला ऑपरेशन सांगितलं, की मेंढरं भावाच्या हवाली करून हा माणूस पेशंटबरोबर निघालाच. डॉक्टर जे चालता चालता सांगून जातात, ते अप्पा बसून समजावणार. सुरुवात ठरलेली : "घाबरायचं काम न्हाई. मला बी झालतं."

हर्निया? झालता. मोतीबिंदू? दोन्ही डोळ्यांचा. मूळव्याध? "इचारूच नका." माझी धाकटी सून सीझर म्हटल्यावर रडायला लागली, तर तिलाही म्हणाले, "पोरी, मला बी झालतं." ती स्ट्रेचरवरून आत जाईपर्यंत हसत होती.

सलाईन म्हणजे ठिबक. "उसाला चालतं, मंग तुमाला कावून न्हाई?" भूल म्हणजे बाभळीखालची डुलकी. "उठल्यावर मेंढरं मोजून घ्यायची, बास."

तर त्या एसटीत अप्पा माझ्या पुढच्या सीटवर उलटे वळून बसले.

"वैनी, बकरं कापल्यावर काळजाला हिरवी पिशवी चिकटलेली असती, बघितलीय का?"

"बघितलीय की."

"काय करताव तिचं?"

"फेकते. फुटली तर सगळं काळीज कडू."

"मंग तुमची फुटायची वाट बघताव का?"

मी हळूच विचारलं, "तुमची काढली तवा दुखलं का?"

"मुंगी चावती, तेवढं."

चादर आवरत मी खाली उतरले. सगळी एसटी माना काढून बघत होती.

शुद्धीवर आल्यावर कळलं, मुंगी कसली, इंगळी होती! अप्पांना मी मनसोक्त शिव्या घातल्या. ते म्हणाले, "शिव्या देतीय म्हंजे वैनी बरी झाली."

यंदा अप्पांचीच लघवी अडली. प्रोस्टेट. भाऊ मेंढरांमागं, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून मी आणि माझा थोरला त्यांना घेऊन गेलो. नर्सनं विचारलं, "आजोबा, याआधी काही ऑपरेशन?"

मी म्हटलं, "बाई, मोठा कागद घे."

अप्पा खाली बघत म्हणाले, "एक बी न्हाई."

अंगावर टाक्याचा ओरखडासुद्धा नाही! मला मुक्ताबाई आठवली, अप्पांची बायको. पोटात गाठ होती तिच्या. दवाखान्याच्या पायरीवर आली आणि घाबरून मागं फिरली. आत काय करतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अप्पांनी तिला घरी आणली, कारण तेही तेवढेच घाबरले होते. पुढची दिवाळी काही तिनं बघितली नाही. त्यानंतरच अप्पांची ही सगळी ऑपरेशनं सुरू झाली होती.

आता अप्पांचा एक पाय खाटेखाली चप्पल चाचपत होता. ते चाचपणं माझ्या चांगलंच ओळखीचं. मी पायानंच चप्पल लांब सरकवली आणि तोंड गंभीर करून म्हटलं, "घाबरायचं काम न्हाई, अप्पा. मला बी झालतं."

नर्सला हसू आवरेना. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तर हसून हसून खोकायला लागला.

अप्पा हसले नाहीत. माझ्या पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं आणि अगदी हळू विचारलं, "खरं सांगा वैनी, लई दुखतं का?"