लाल ताऱ्याजवळची पूर्वमुखी साइट

बंगळुरात माणसांचे दोनच वर्ग आहेत : ज्यांच्याकडे साइट आहे ते, आणि ज्यांना साइट मिळणार आहे ते. साइट म्हणजे घर बांधायची मोकळी जागा. पण इथे ‘प्लॉट’ म्हटलं की लोक तुम्हाला कालच पुण्याहून उतरलेला समजतात. आमचे शेजारी आप्पाजी दुसऱ्या वर्गातले. मूळ निपाणीकडचे, उभी हयात कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेली, आणि येत्या मार्चला निवृत्त. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं. मग जायचं कुठे, हे आमच्या कर्मचारी गृहनिर्माण संघाच्या हाती होतं.

त्यांच्या पत्नी महानंदावहिनी, त्यांना फक्त एक भिंत हवी होती. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायला लेखी परवानगी लागायची आणि ती कुणालाच मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यामुळे वडिलांनी लग्नात दिलेलं लंबकाचं घड्याळ लग्नापासून ट्रंकेत होतं. सणासुदीला वहिनी ते काढत, पुसत, किल्ली देत आणि पुन्हा ठेवून देत. “आपली भिंत झाली की पहिला खिळा मी ठोकणार,” असं त्या प्रत्येकाला सांगायच्या.

संघाने आम्हाला आधी बेळ्ळंदूरला साइट दिल्या होत्या. बघायला गेलो तेव्हा सेक्रेटरी पुरुषोत्तमअण्णांनी त्या काठावरूनच दाखवल्या, कारण त्या तळ्यात होत्या. “पाण्याची सोय आहे,” ते म्हणाले. पुढे कोर्टाने तो लेआउट रद्द केला आणि संघाला शहरात दुसरी जमीन मिळेना.

अशात अठ्ठ्याण्णव साली पेपरात बातमी आली की एका जवळच्या लाल, खुज्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला आहे. शास्त्रज्ञांनी समाधान व्यक्त केलं. पुरुषोत्तमअण्णांनी सर्वसाधारण सभा बोलावली.

“टायटल क्लिअर आहे,” अण्णा म्हणाले. “शेतकरी नाही, कूळ नाही, वारस नाही, कोर्टकचेरी नाही. बंगळुरात अशी एक गुंठा जमीन दाखवा मला!”

कुणालाच दाखवता येईना.

“लांब किती आहे अण्णा?” आप्पाजींनी विचारलं.

“पंधरा प्रकाशवर्षं.”

“मॅजेस्टिक बसस्टँडपासून?”

“मॅजेस्टिकपासूनच धरा. रिंग रोडलाही लोक असेच हसले होते.”

“आणि कावेरीचं पाणी?”

“दुसऱ्या टप्प्यात.”

सभासदांच्या मनात शंका राहू नयेत म्हणून निवृत्त प्राध्यापक भीमाचार्य यांचं व्याख्यान ठेवलं. आचार्य सरळ माणूस. ते म्हणाले, “अशा ताऱ्यांच्या जवळचे ग्रह बहुधा एकच तोंड ताऱ्याकडे धरून फिरतात. एक बाजू कायम भाजलेली, दुसरी कायम गोठलेली. मधल्या संधिप्रकाशाच्या पट्टीत झालंच तर काही—”

“तीच आपली पट्टी,” अण्णा म्हणाले. “भाजलेली आणि गोठलेली बाजू उद्यानासाठी राखीव.”

“अहो, पण पोचायलाच काही लाख वर्षं लागतील!”

“बांधकामाची मुदत वाढवून घेऊ.”

मी बी.एस्सी. असल्यामुळे त्या दिवशी नाव नोंदवलं नाही. उलट मागच्या बाकावर बसून पोटभर हसलो. आप्पाजींनी मात्र पहिल्या झटक्यात नोंदवलं.

आता ग्रहाची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय वाटप करणं नियमबाह्य होतं. म्हणून पदाधिकाऱ्यांची अन्वेषण समिती सहकुटुंब मोटारीने निघाली आणि तिरुपतीचं दर्शन आटोपून कुठल्याशा टेकडीवरच्या वेधशाळेत पोचली. आभाळ भरलेलं होतं. समितीने दुर्बिणीतून ढग पाहिले, चहा घेतला आणि अहवाल दिला : ‘परिसर शांत. प्रदूषण नाही. शेजार नाही.’ सभेने टाळ्या वाजवून तो मंजूर केला.

गाडी अडली ती वास्तुशास्त्रावर. त्या वर्षी अख्खं शहर वास्तूपायी चांगले संडास फोडून हलवत होतं, तेव्हा योगीराज नावाच्या वास्तुतज्ज्ञांना बोलावणं भागच होतं. त्यांनी भीमाचार्यांना एकच विचारलं, “तिथे तारा उगवतो कुठून?”

“उगवत नाही. आकाशात आहे तिथेच असतो.”

“मग पूर्व?”

“आपण म्हणतो तशी पूर्व तिथे नाही.”

सभागृहात एकच गिल्ला झाला. अंतराचं लोकांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. हवेचं तर कुणी विचारलंही नव्हतं. पण पूर्व नाही म्हणजे काय! “मग देवघर कुठे करायचं? आमच्या डोक्यावर?” एक आजोबा ओरडले. निम्मे सभासद राजीनामे द्यायला उठले. तेव्हा पुरुषोत्तमअण्णांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथे ठराव मांडला : ‘ज्या साइटचं तोंड जिकडे असेल, त्या साइटपुरती ती पूर्व समजावी.’ ठराव एकमताने संमत झाला. सगळ्याच साइट पूर्वमुखी असलेला तो बंगळूरचा पहिलाच लेआउट.

ज्येष्ठतेनुसार आप्पाजींना कॉर्नर साइट मिळाली. त्यांनी क्वार्टर्समध्ये घरोघर म्हैसूरपाक वाटला.

मार्च आला. ट्रंक, घड्याळ आणि वहिनी महादेवपुऱ्यात भाड्याच्या एका खोलीत गेल्या. घरमालकीण गंगव्वा यांनी किल्ली देतानाच बजावलं, “मोळे होडीबेडी, अक्का.” म्हणजे, खिळा ठोकू नका.

आणि देवाची करणी बघा, त्याच उन्हाळ्यात सरकारी साइट वाटणाऱ्या कार्यालयाकडून आप्पाजींना बोलावणं आलं. तरुणपणी केलेला अर्ज, विसरूनसुद्धा गेलेला! खरीखुरी साइट, याच पृथ्वीवर, बसथांब्याजवळ. मी सोबत गेलो.

अधिकाऱ्याने कागद चाळले. “तुमच्या नावावर आधीच एक साइट आहे. मग ही मिळणार नाही.”

“साहेब, ती दुसऱ्या ताऱ्याजवळ आहे,” आप्पाजी म्हणाले.

“नियमात ‘अन्य कोठेही’ असं आहे. तारे वगळलेले नाहीत.” मग त्यालाच दया आली. “ती संघाला परत करा. पावती आणा. ही तुमची.”

इतकं सोपं होतं! मला तर त्या साहेबाच्या पाया पडावंसं वाटलं. घरी वहिनींनी लगेच घड्याळ बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी आप्पाजी साइट परत करायला संघात गेले, तर जिन्यापर्यंत रांग. कॉर्नर साइट सुटणार ही बातमी फुटली होती. रांगेत सर्वांत पुढे नागपूरचं जोडपं, ध्रुव आणि श्वेता, दोघंही कॉम्प्युटरवाले.

“काका, कॉर्नरवाली तुमचीच ना?” श्वेताने विचारलं. “आम्हाला राहायला नकोय हो. फक्त इन्व्हेस्टमेंट.”

आप्पाजींनी रांगेकडे एकवार नीट पाहिलं. “स्वल्प थांबा,” म्हणाले, आणि पावती न घेताच घरी आले. “एवढी शिकलेली माणसं रांग लावतायत, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. देत नाही जा!”

सरकारी साइटची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. महानंदावहिनी आमच्याकडे आल्या आणि रडायलाच लागल्या. “भावजी, तुमचं ते ऐकतात. तुम्ही शिकलेले आहात. सांगा की त्यांना. मला बंगला नको, काही नको. एक भिंत पाहिजे हो, माझी.”

माझं डोकंच फिरलं. अरे, बाईमाणसाने आयुष्यभर एका खिळ्यासाठी झुरायचं म्हणजे काय! आज आप्पाजींची खरडपट्टीच काढतो म्हणून वहिनींना घेऊन तडक महादेवपुरा गाठलं. संध्याकाळ होती. आप्पाजी गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि लांबवरच्या एका तांबड्या दिव्याकडे बोट दाखवत होते.

“ती बघा, आपली बाजू.”

“आप्पाजी, तो विमानतळाचा दिवा आहे.”

“असेल, असेल. पण दिवे लागायला लागले, म्हणजे वस्ती वाढतेय.”

खालून वहिनींनी चहा पाठवला. सोबत घड्याळाची टिकटिक वर येत होती. ट्रंकेवर नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तरी ते चालत होतं. मी घसा खाकरला, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि आवाज हळू केला.

“आप्पाजी, तुमच्या शेजारची साइट गेली का हो?”

आता तुम्ही हसा. मीही मागच्या बाकावर असाच हसलो होतो. फक्त हे खरं खरं सांगा, की तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला? वहिनींच्या घड्याळाचं पुढे काय झालं, हा? की मला ती साइट मिळाली का, हा?

मिळाली. पूर्वमुखीच आहे.