साडेसहा फॅटचा ढोल

बन्सीनानांनी मला पहिला रॉकचा सिनेमा सुचवला तो कंपाउंडच्या भिंतीवरून. मी कपडे वाळत घालत होते. पलीकडून नानांनी टाचा उंचावल्या आणि म्हणाले, "बाई, काल एक बघितला. सहा-दोन फॅट लागलं. सोडू नका."

मला वाटलं, कुठे बाजारात म्हैस बघून आले.

"कुणासाठी बघितली?" मी विचारलं.

"टीव्हीवर बघितला वो! पाच जन हायती. सगळे केसाळ. त्यातला ढोलवाला असा बडवतो, असा बडवतो... पन पानी न्हाई. थेंब न्हाई पान्याचा!"

नाना मूळचे अकोले तालुक्याच्या डोंगरातले. घरी भाताची खाचरं होती, पण उभी हयात गेली संगमनेरात, दूध संकलन केंद्रावर फॅट, म्हणजे दुधातली स्निग्धता, काढण्यात. गवळ्याने किटली टेकवायची, नानांनी नमुना घ्यायचा आणि आकडा सांगायचा. त्या आकड्यावर गवळी भांडायचे, रुसायचे, आपल्या म्हशीची शपथ घ्यायचे. नाना ढिम्म. निवृत्त झाले, शेजारचं घर घेतलं, पण खोड काही गेली नाही. कीर्तनकाराला फॅट, नवरदेवाला फॅट, पुढाऱ्याच्या भाषणाला तर फॅटच नाही, नुसतं पाणी. एकदा मी घरी चार मुलींना भूगोल शिकवत होते, ते खिडकीतून ऐकून म्हणाले, "बाई, आज साडेतीन लागलं. पानी जरा कमी करा." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पस्तीस वर्षं शिकवतेय मी!

तर असा हा माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी हेवी मेटलच्या नादी लागला. मुलाने पुण्याहून मोठा टीव्ही आणि एक धिप्पाड साउंडबॉक्स आणून दिला होता. "हे कसं काय सुरू झालं?" असं विचारलं की नाना म्हणायचे, "सहज लागलं."

त्यांच्या लेखी या सिनेमांचे दोन प्रकार. ज्यात मंडळी स्टेजवर चढून फक्त वाजवतात ते म्हशीचं. ज्यात वाजवणाऱ्यांची जन्मकथा असते, म्हणजे माहितीपट, ते गाईचं. गाईच्यात पाणी फार. "खुर्चीवर बसून बोलत्यात वो नुसते! बाप मारायचा, आय रडायची, पयली गिटार कुटं घेतली. आरं, वाजव की!"

पण गाईचंही सगळं वाया नाही. एका माहितीपटातला ढोलवाला दुग्धव्यवसाय करणारा निघाला. कुठल्याशा थंड मुलखातला, कार्यक्रमाच्या दिवशीही पहाटे गाई पिळून मग निघायचा. नानांनी तो तीनदा पाहिला. "धार काढून आलाय गडी! आन मग बडवतोय!" मलाही बळेच बसवलं. गोठ्याचा प्रसंग आला तसे नाना टीव्हीला नाक लावून बसले आणि गाईची कास बघून म्हणाले, "पंधरा लिटरला मरान न्हाई." पुढे त्या ढोलवाल्याच्या बँडमधल्या चौघांचं भांडण होऊन मंडळ फुटलं, तेव्हा नानांनी मान हलवली. "बांध कोरला कुनीतरी. भाऊबंदकी हाय ही." शेवटी म्हातारपणी चौघं एकत्र आले आणि एका स्टेजवर उभे राहिले, तेव्हा नानांनी डोळे पुसले नि वर माझ्यावरच डाफरले, "बघता काय? पाच-चार फॅट हाय ह्याला!"

दुसरा एक म्हशीचा होता. भर पावसात, उघड्या माळावर, हजारो पोरं गुडघाभर चिखलात उड्या मारतायत. मला ते बघून आंघोळ करावीशी वाटली. नाना मात्र हरखून गेले. "आमच्याकडं भाताची आवनी अशीच वो! फक्त हित्तं रोपं कुनी लावत न्हाई."

"नाना, तुम्हाला इंग्रजी कळतं का?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"म्हशीची भाषा तरी कुटं कळत हुती? दूध कळत हुतं ना!"



पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नोंद करत. नावं इंग्रजी, म्हणून त्यांनी आपलीच ठेवलेली. 'चिखलातलं, सहा-दोन.' 'बर्फातलं, चार, मधे पानी.' 'टकल्या गायकाचं, तीन, घेऊ नये.' या यादीची ते मनापासून जाहिरात करत. सोनईला नात्यातल्या साखरपुड्याला गेले, तिथे नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन 'चिखलातलं' सुचवून आले. तो बिचारा कृषी विद्यापीठातून शिकलेला, त्याला वाटलं पीकपद्धतीबद्दल आहे.

या सगळ्यात एकच अडचण होती. आवाज.

दुपारी चारला नानांचा टीव्ही लागे, तो सहापर्यंत. तो साउंडबॉक्स त्यांनी शहाण्या माणसासारखा भिंतीशी ठेवावा की नाही? नाही. लाकडी पलंगाखाली ढकललेला आणि तोंड वर, अगदी फळ्यांना लावून. मी सांगून पाहिलं, "नाना, त्याचं तोंड माणसांकडे असतं. पलंगाला काय ऐकू येणार?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई, बरं हाय तसंच." चार वाजले की आमच्या सामाईक भिंतीतून ढूम ढूम सुरू होई आणि माझ्या मांडणीवरचे स्टीलचे डबे थरथरायला लागत. रव्याचा डबा तर कडेपर्यंत चालत येई. समोरचे पाठककाका, निवृत्त तलाठी, दुपारच्या झोपेसाठीच जगणारे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं.

"त्यातल्या त्यात नानी सुटली," पाठककाका म्हणायचे. कारण नानांच्या बायकोला, नानीला, ऐकू येत नव्हतं. पाच-सहा वर्षांत कान हळूहळू गेलेच. मशीन आणलं, तर त्यात नुसती शिट्टी वाजायची म्हणून तिने ते डब्यात ठेवून दिलं. मी कधीही गेले तरी नानी त्या पलंगावर, दोन्ही तळवे फळीवर टेकवून बसलेली. मला वाटायचं, गुडघ्यांमुळे टेकून बसते. नवरा जगबुडी आणतोय आणि ही आपली शांत. नशीबवान बाई!

नानांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. कारण रोज सकाळी कॉलनीतल्या सगळ्यांच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवून बघायचं काम नाना फुकट करत. दूधवाला त्यांना टरकून असे. अशा माणसाला दुखवून आम्ही काय पाणी पिणार होतो?

कॉलनीची सेक्रेटरी मी. (दुसरं कुणी होईना म्हणून.) युक्तीही माझीच. आपल्या नगर जिल्ह्यात माणसाला गप्प करायचा सभ्य मार्ग एकच आहे, त्याचा सत्कार करायचा. नानांना पंचाहत्तर लागत होतं. शाल, श्रीफळ आणि सोबत भेट म्हणून चांगल्यातला हेडफोन! कानाला लावला की टीव्हीचा आवाज फक्त कानात, साउंडबॉक्स बंद. पाठककाकांनी तर माझा हातच हातात घेतला.

सत्कार झक्क झाला. मी भाषणात म्हणाले, "नानांच्या कलासक्तीला आता कुणाचा अडथळा नको, त्यांनी एकाग्र होऊन आस्वाद घ्यावा." टाळ्या! नाना तो हेडफोन उलटापालटा करून बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी सगळ्यांनी मान दिला. माझ्या बापाला कुनी साधा नारळ दिला न्हवता." आणि एकदा नानीकडे पाहिलं. नानी पहिल्या रांगेत बसून, सगळे वाजवतात म्हणून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवसापासून शांतता. चार वाजले, डबे जागच्या जागी. पाठककाका घोरायला लागले, ते रस्त्यापर्यंत ऐकू येई. मी स्वतःवर इतकी खूष, की विचारू नका.

आठव्या दिवशी दुपारी दारात नानी. ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने बोले.

"बाई! कुनी मिस्त्री हाय का वळखीचा? आमचा खोका बिगाडलाय!"

मी हातानेच विचारलं, काय झालं?

"वाजंना! नाना म्हनत्यात, आतली तार तुटली. दुरुस्तीला न्या म्हनलं, तर नेत न्हाईत. सोता मातर कानाला ते पातेलं लावून बसत्यात!"  मग तिच्या परीने हळू, म्हणजे आपण नेहमी बोलतो तेवढ्या आवाजात म्हणाली, "पयलं आमी दोगं बगायचो. आता येकलेच बगत्यात."

 काहीतरी चुकलंय एवढं कळलं, पण काय ते नीट कळेना. तशीच तिच्याबरोबर गेले.

नाना खुर्चीवर, कानाला हेडफोन. टीव्हीवर केसाळ मंडळी तोंडं वासून नाचत होती आणि खोलीत चिडीचूप. मला बघून त्यांनी गडबडीने हेडफोन काढला.

"खोक्याची तार तुटली म्हणे?" मी विचारलं.

नानांनी नानीकडे चोरून पाहिलं. "तिला काय सांगू, बाई? कॉलनीला तरास व्हतो म्हनलं असतं, तर तिनं टीव्हीच लावू दिला नसता. आन तुमी मान दिलेला. त्यो कसा मोडू?"

"पण नाना, तिला तर ऐकू..."

"ऐकू येत न्हाई. कळतंय की." ते उठले, पलंगाच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. "भजनाची लई आवड तिला. कान गेलं, तवा मी टीव्हीवर भजन लावलं की ती उठून आत जायची. रडायची न्हाई, नुसती जायची. मंग मीबी लावायचं सोडलं. दोगं दोन खोल्यांत. एक दिवस मी टॅक्टरचं काय तरी बघत हुतो, ते संपलं आन आपोआप ह्ये केसाळ लागलं. खोका तवा पलंगाला टेकलेला. ही तांदूळ निवडत बसलेली. येकदम हात टेकला आन म्हनली, कोन वाजवतंय?"

नाना पुढे म्हणाले, "तीन वर्षांनी इचारलं, बाई. कोन वाजवतंय म्हनून. दुसरं कायबी लावून बघितलं. पेटी न्हाई कळत, टाळ न्हाई कळत. ह्यांचा ढोल कळतो. शब्द मला कळत न्हाईत, आवाज तिला कळत न्हाई. फिट्टमफाट हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'एकाग्र होऊन आस्वाद घ्यावा' म्हणे! भाषण करायला गेले होते मोठी.

"आधी तो खोका लावा," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच कडक निघाला.

नानांनी हेडफोन बंद केला. ढूम! नानीचे दोन्ही तळवे फळीवर गेले. चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे बघितलं. तिने मला खेचून शेजारी बसवलं, माझा हात घेतला नि फळीवर पालथा दाबून धरला. तळव्यातून कोपरापर्यंत काहीतरी चढत आलं.

"आलं का?" नानी ओरडली.

मी मान हलवली.

तेवढ्यात टीव्हीवरचं वाजवणं थांबलं आणि एक दाढीवाला खुर्चीत बसून बोलायला लागला. नानीने लगेच हात काढून घेतले आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं.

"पानी," ती म्हणाली.

नानांनी कॅलेंडरचं पान काढून काहीतरी टिपलं. मी त्या पानावर वाकले.

"म्हणजे फॅट..."

"तीच काढती," नाना म्हणाले. "तिचा हात फळीवर जितका टिकंल तितकं फॅट. मी नुसता लिवून घेतो."

पुढचं थोडक्यात सांगते. मी घरोघर जाऊन सगळं सांगितलं आणि चार ते सहा ही वेळ कॉलनीने नानीच्या नावाने सोडली. पाठककाकांना सांगताना मला धाकधूक होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला नंतर झोप लागेल हो." आम्ही त्यांचाही सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि तोच हेडफोन. तो लावून ते आता छान झोपतात.

डबे पुन्हा चालायला लागलेत. रव्याचा डबा मात्र मी हल्ली मागे सरकवत नाही. काल चार वाजता भिंतीतून ढोल सुरू झाला, तशी त्या डब्यावर तळवा टेकवून डोळे मिटून उभी राहिले. बराच वेळ. मग मागच्या अंगणात गेले आणि भिंतीवरून ओरडले, "नाना! आजचं साडेसहा तरी आहे!"

पलीकडून चपलांचा आवाज आला. मग नानांच्या टाचा उंचावल्या.

"नानी सहा-आठ म्हनती," ते म्हणाले. "तुमचा हात नवा हाय अजून. येत जा बसायला."